राहिलेला मुद्दा

८ जानेवारी

दादा,

पाकिटावर तुझं नाव घातलेलं नाही. टायरच्या दुकानाचा पत्ता आणि खाली 'वरच्या खोलीसाठी', एवढंच. दुकानदाराने फोडून वाचलं तर वाचू दे. सोबत तू घाईत विसरलेला चष्मा आहे. काचा त्याच, दांडी नवीन बसवून घेतली. जुन्या दांडीला तू गुंडाळलेला दोरा बघून चष्मेवाल्याला हसू आवरेना.

या चष्म्यापायी तू फोन केलास आणि पत्ता दिलास, तोही मला एकटीला. आईला सांगू नकोस म्हणालास. सांगितलेलं नाही. ती कामावरून आली की चप्पल काढता काढता विचारते, दादाचा फोन? मी 'नाही' अशी मान हलवते. त्यानंतर तू फोन केलेला नाहीस, म्हणजे खोटं बोलत नाही, असं मी स्वतःला पटवून घेते.

मला नोकरी लागली. बँकेतली नव्हे. घरातली पहिली पदवीधर रोज सकाळी तुरुंगात जाते, असं आई शेजारी कुणाला सांगत नाही. 'सरकारी इमारतीत शिकवते' म्हणते. तू असतास तर म्हणाला असतास, बॅरिस्टरबाई, एवढं शिकून शेवटी गजाआडच गेलात ना.

काम असं आहे. कैद्यांमधल्याच काही जणांना आम्ही विधी स्वयंसेवक म्हणून तयार करतो. ते वकील नव्हेत, पण बराकीत वकील राहायला येत नाही आणि हे चोवीस तास तिथेच असतात. आतली निम्म्याहून जास्त माणसं कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटलाच संपलेला नाही. आपली केस कुठे अडकली आहे हे कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमचे स्वयंसेवक त्यांच्याशेजारी बसून विचारतात, पुढची तारीख कधी, वकील मिळालाय का, जामिनाचा अर्ज झालाय का. मग अर्जाचा मसुदा लिहितात. मी तो तपासते आणि शनिवारी सरकारी वकिली मदतीतले वकील येतात त्यांच्या हातात देते. एवढ्यानेही माणसं सुटतात, दादा. मी पाहिलंय. मला हे काम हवं होतं. का हवं होतं ते तुला कळेल.

आता खरी गोष्ट. पाहुणा माझ्या वर्गात आहे.

तोच. बाहेरगावचा, कामाला लागून महिनाही झालेला नव्हता म्हणून गोदामात तुम्ही ज्याला पाहुणा म्हणायचात तो. त्या संध्याकाळी माल चढवायच्या फलाटावर मुकादम, तू आणि तो होतात. भांडण झालं, मुकादम फलाटावरून पडला आणि दवाखान्यातून परत आला नाही. गुन्ह्यात पहिलं नाव तुझं, दुसरं त्याचं. आईने घराचे कागद कोर्टात ठेवून तुला जामिनावर सोडवलं. त्याच्यासाठी कागद ठेवायला कुणी नव्हतं. तो आत राहिला, तू बाहेर आलास, आणि तारखेला गेला नाहीस.

तू फोनवर म्हणालास, वर्षभर जाऊ दे, लोक विसरतील. लोक विसरलेत. मुकादमाच्या जागी दुसरा मुकादम आलाय. पण पाहुण्याला दर तारखेला गाडीत घालून कोर्टात नेतात, न्यायाधीश विचारतात पहिला आरोपी हजर आहे का, कारकून म्हणतो फरार, आणि त्याला पुढची तारीख देऊन परत आणतात. खटला सुरूच होत नाही.

मी कोण हे त्याला माहीत नाही. वर्गात आडनावं वापरत नाहीत, मला सगळे मॅडम म्हणतात.

तू परत ये असं लिहायलाच बसले होते. पण ते वाचलंस की माझं पुढचं पत्र उघडणार नाहीस. म्हणून या वेळी फक्त चष्मा.

तुझी
बहीण

२२ जानेवारी

दादा,

आज मी वर्गात एक गोष्ट केली नाही. ती तुला सांगायला हवी, कारण ती तुझ्यासाठी केली नाही.

आधी वर्ग कसा चालतो ते ऐक. शिवणकामाच्या खोलीत यंत्रं भिंतीला सरकवतात आणि आम्ही फरशीवर बसतो. दारात शिपाई स्टुलावर बसून कान देऊन असतो, आणि त्याच्याही भावकीतल्या दाव्याचा सल्ला मधूनच विचारून घेतो. वर्गाचे नियम दोन. काय केलंस, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. ते वकिलाला आणि कोर्टाला. आणि स्वतःचा अर्ज स्वतः लिहायचा नाही, शेजारच्याचा लिहायचा. स्वतःचं लिहायला बसलं की माणूस रडगाणं गातो, नाहीतर भांडतो.

सगळ्यात जुने मास्तर. शिक्षा लागून इथे आहेत, अक्षर मोत्यासारखं, म्हणून मास्तर. त्यांना पहिल्यांदा त्यांच्या मनाने लिहू दिलं तेव्हा त्यांनी एका पोराच्या जामिनाच्या अर्जात लिहिलं, 'झाल्या प्रकाराबद्दल अर्जदार मनापासून क्षमा मागत आहे.' मी ओळ खोडली. ते दुखावले. म्हणाले, मॅडम, मोठ्या माणसापुढे जाताना आधी माफी मागायची असते, एवढं आमच्या आईबापांनी शिकवलंय. मी समजावलं की कोर्टात तशी माफी म्हणजे कबुली धरतील, त्या पोराने काही केलेलं नसलं तरी. मास्तर बोटं मोजायला लागले. मग आठवून आठवून म्हणाले, आजवर आपण बराकीत निदान वीसएक जणांना सभ्यपणापायी बुडवलंय. कुणी हसलं नाही. ही चूक इथे सगळेच करतात. बाहेरचा वकील ती कधी करणार नाही, कारण त्याला आयुष्यात एवढ्या वेळा माफी मागावी लागलेली नसते.

मसुदा तयार झाला की तो मोठ्याने वाचायचा. मग मी विचारते, काय राहिलं? एकेक जण सांगतो. वय राहिलं, आजारपण राहिलं, घरी म्हातारे आहेत ते राहिलं. शेवटी मी सांगते. तो माझा तास. खरं सांगू, त्या वेळी मला वाटतं की आपण शिकलो ते याच्यासाठी.

आज मास्तरांनी पाहुण्याचा मसुदा वाचला. नीट लिहिलाय. किती काळ आत आहे, आधीचा गुन्हा नाही, गावी बायको एकटी आहे, जामीन मिळावा. सगळ्यांनी दोन-चार गोष्टी सुचवल्या. एकाने म्हटलं, एवढा मुक्काम ठोकणारा पाहुणा आपण पाहिला नाही, हेही घाला. पाहुणासुद्धा हसला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

राहिलेला मुद्दा मला माहीत होता. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही असतो. एक आरोपी फरार असेल तर दुसऱ्याने त्याच्यासाठी कुजत राहायचं कारण नाही. तो कोर्टाला म्हणू शकतो, माझा खटला वेगळा करा आणि चालवा, आणि पळालेल्याला जाहीर फरार घोषित करा. हा मुद्दा अर्जात असला तर त्याला जामीन मिळायची खरी शक्यता आहे. नसला तर हा अर्ज आधीच्या अर्जासारखाच परत येईल.

आणि तो असला तर आपल्या दाराला जाहीरनामा चिकटेल. दिलेल्या मुदतीत तू हजर झाला नाहीस तर जप्ती. घराचे कागद आधीच कोर्टात आहेत. आईने दवाखान्याच्या धुलाईखान्यात उकळत्या पाण्यात हात घालून घेतलेल्या या दोन खोल्या. तिच्या बोटांची कातडी तुला आठवत असेल.

मी म्हटलं, छान झालाय, पुढचा घ्या.

काय राहिलं, हे मी विचारलंच नाही.

बहीण

५ फेब्रुवारी

दादा,

त्याला माहीत होतं.

क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल. तो अर्ज शनिवारी वकिलांकडे द्यायचा होता. मी तो पिशवीतून काढलाच नाही. अजून एकदा बघायचाय, म्हटलं. पुढच्या शनिवारीही तेच. मास्तरांनी विचारलं, मॅडम, काही चुकलंय का त्यात, सांगा, पुन्हा लिहितो, माझ्याकडे वेळ भरपूर आहे. मी म्हटलं नाही, चुकलेलं काही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, परवा तुम्ही विचारलं नाहीत, काय राहिलं ते. बाकी सगळ्यांच्या वेळी विचारता. मी डोकं दुखत होतं म्हणाले. त्यांनी मान डोलावली. खोटं ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे, ते तोंडावर काही आणत नाहीत.

आज वर्ग संपल्यावर पाहुणा यंत्रं जागेवर लावायला मागे थांबला. शिपाई दारातच होता, पण पाठमोरा. पाहुणा एक यंत्र ओढत माझ्याजवळ आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "तुमचा फोटो तुमच्या भावाच्या पाकिटात होता. काळ्या झग्यातला, हातात गुंडाळी घेतलेला. गोदामात एक माणूस नसेल ज्याला त्याने तो दाखवला नाही. मला तर पहिल्याच दिवशी दाखवला, अजून नावही विचारलं नव्हतं."

कधी ओळखलंत, मी विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदा आत आलात तेव्हाच."

मग बोलला का नाहीत?

"म्हटलं, बघू मॅडम काय काय शिकवतात."

दादा, तो रागाने बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो यंत्राचं चाक हाताने उगाच फिरवत होता. म्हणाला की खटला वेगळा करता येतो हे त्याला आधीपासून माहीत आहे. बराकीतल्या एकाचा तसा झाला होता. मास्तरांना त्यानेच ते लिहू दिलं नाही. माझ्या तोंडून यायची वाट बघत होता. मी विचारलं, का? जामीन तुमचा, दिवस तुमचे जातायत, माझी परीक्षा कशाला घेत बसलात? त्यावर तो पहिल्यांदा जरा चिडला. परीक्षा नाही, म्हणाला. त्याला कुणाच्या घरावर जप्ती आणायची नव्हती. तुझ्या डब्यातलं तो जेवलाय, आपल्या आईच्या हातचं. तो मुद्दा त्याने स्वतः लिहिला तर त्याने आणली. मी शिकवला तर कायद्याने आणली.

मग म्हणाला, "विचारा ना मला, त्या दिवशी कुणी ढकललं."

मी म्हटलं, इथे आपण ते विचारत नाही.

"विचारायचं नाही, की ऐकायचं नाही?"

शिपाई वळला. पाहुण्याने यंत्र भिंतीला लावलं आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

तो जे म्हणाला त्यातलं मी सगळं लिहिलेलं नाही. जाताना त्याने आणखी एक वाक्य सांगितलं, फलाटाबद्दल. ते मी कागदावर उतरवणार नाही, एवढं मला कळतं. फक्त हे सांगते, त्यात तुझ्यावर सगळा दोष ढकलावा असं काही नव्हतं. तू येऊन तुझी बाजू मांडलीस तर ती मांडण्यासारखी आहे. तू नसल्यामुळे ती कुणीच मांडत नाही, आणि पळाला म्हणजे त्यानेच केलं, असं सगळे धरून चालतात. कधीकधी मीही.

आता लिहिते, जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही. ये. स्वतःहून ये. पकडून आणलेला माणूस आणि आपल्या पायांनी आलेला माणूस, कोर्टात दोघांकडे एकाच नजरेने बघत नाहीत. आधी वकील कर. मी बघून ठेवलेत. पोलिसांना काही सांगू नकोस, जे सांगायचं ते वकिलाला. दुकानदाराच्या हाती चिठ्ठी दे, मी तिथे येते, आपण मिळून कोर्टात जाऊ.

मी मंगळवारपर्यंत वाट बघते. त्या दिवशी वर्ग आहे.

बहीण

१२ फेब्रुवारी

दादा,

चिठ्ठी आली नाही.

काल वर्गात मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'सहआरोपी फरार असेल तर.' त्याखाली सगळं लिहिलं. खटला वेगळा करण्याची मागणी, फरार घोषित करण्याची मागणी, जाहीरनामा, जप्ती. अक्षर मास्तरांनी हसण्याच्या लायकीचं आलं. सांगून झाल्यावर मी म्हटलं, परवाच्या अर्जात हे राहिलं होतं आणि मी ते मुद्दाम सांगितलं नाही. तो फरार माणूस माझा भाऊ आहे.

दारातला शिपाई स्टुलावरून उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसावं. पाहुणा खाली मान घालून बसला होता. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, मॅडम, तुमचंही कुणी आत-बाहेर आहे तर. त्यात टोमणा होता की आपुलकी, ठरवता आलं नाही. मास्तरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाले, मुद्दा सावकाश सांगा, लिहून घेतो. मी सांगितला. स्वतःच्या तोंडाने, एकेक ओळ. 'पहिला आरोपी जाणूनबुजून गैरहजर राहत असल्यामुळे.' मास्तर जाणूनबुजूनपाशी थांबले आणि विचारलं, ठेवू? मी म्हटलं, ठेवा.

संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसमध्ये आमच्या समन्वयकताईंना सगळं सांगितलं. म्हणजे जवळपास सगळं. नातं सांगितलं, अर्ज रोखून धरला तेही सांगितलं. तुझा पत्ता माझ्याकडे आहे हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांना वाटलं असेल, अशी मुलगी पत्ता माहीत असून गप्प बसेल कशी. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाण्याचा पेला पुढे सरकवून म्हणाल्या, आतल्या माणसांकडे विश्वासाशिवाय दुसरं काही नसतं, आणि तोच तू परवा पिशवीत घालून घरी नेलास. मला वर्गावरून काढलंय. तुरुंगाधिकाऱ्यांना तसं पत्र गेलं. आता मी ऑफिसात बसून इतरांचे मसुदे टाइप करते.

मास्तरांनी लिहिलेला अर्ज या शनिवारी वकील नेतील.

माझ्यावर रागव, चालेल. पण मला माझी बाजू मांडू दे. ताईंचा विश्वास, पाहुण्याचे दिवस, आईचं घर, हे सगळं तुझ्या एका खोलीच्या भाड्यावर टांगलेलं आहे. मी कुणाला काय देणं लागते हे ठरवण्याइतकी मोठी नाही. तू मोठा आहेस.

बहीण

६ मार्च, गुरुवार

दादा,

हे पत्र नीट वाच. मी हे कुरियरने पाठवते आहे, शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडायला हवं.

परवा दुपारी बेलिफ आला. बरोबर दोन पंच आणि डिंकाची बाटली. जाहीरनामा दाराच्या वरच्या फळीवर चिकटवला, तुझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, वर्ण, उजव्या भुवईवर व्रण. भुवईची गोष्ट पोलिसांना कुणी सांगितली असेल, मला माहीत नाही. शेजारचे येऊन वाचून गेले, अगदी सावकाश, जणू आपल्याकडे लग्नाची पत्रिका लागली आहे. मी तो कागद जरा बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही असा लावता येईल का विचारलं, तर बेलिफ म्हणाला, मॅडम, दिसावा म्हणूनच लावतात. आई कामावरून आली. तिने दाराशी उभं राहून वाचला. तिला वाचायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. मग आत येऊन चप्पल काढली आणि या वेळी फोनचं विचारलं नाही.

आज कोर्टात पाहुण्याच्या अर्जाची पुढची सुनावणी होती. तुझी जामीनदार म्हणून आईला बोलावलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, मुलगा कुठे आहे? आई म्हणाली, साहेब, मला माहीत असतं तर मी तिथेच गेले असते, इथे कशाला आले असते. कोर्टात दोन-चार जण हसले. न्यायाधीश हसले नाहीत. ती खरं बोलतेय हे कुणालाही कळत होतं.

मग सरकारी वकील उठले. आरोपीची बहीण तुरुंगातल्या प्रशिक्षणात काम करत होती, तिने सहआरोपीचा अर्ज रोखून ठेवल्याचं तुरुंगाकडे पत्र आहे, तिची साक्ष घ्यावी. मी आईच्या मागेच बसले होते. आईने वळून माझ्याकडे बघितलं. दादा, तेवढ्या क्षणात तिला कळलं. काय कळलं ते मी सांगू शकत नाही, पण तिचे डोळे बदलले.

सोमवारी सकाळी माझी साक्ष आहे. शपथेवर विचारतील, भावाचा ठावठिकाणा माहीत आहे का.

मी खोटं बोलणार नाही.

हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही, म्हणून मलाच माझी भीती वाटते. घरी आल्यापासून मी वेगवेगळी उत्तरं म्हणून बघतेय. 'निश्चित सांगता येणार नाही.' 'बऱ्याच दिवसांत संपर्क नाही.' दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही लबाड आहेत. अशी वाक्यं कुणाच्या मसुद्यात आली असती तर मी खोडली असती.

आई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं."

मी हो म्हटलं. तिने पुढे पत्ता विचारला नाही. मला वाटतं तिला मुद्दाम कळून घ्यायचा नव्हता, म्हणजे तिला सोमवारी पुन्हा विचारलं तरी पुन्हा खरंच बोलता येईल. जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. मग भांडी घासताना पाठमोरी मला म्हणाली, तू दोघांपैकी कुणाचं वाटोळं करायचं ते ठरवलंच असशील, शिकलेली आहेस. तिला पाहुणा कोर्टात दिसला होता, पिंजऱ्यात, तिला बघून त्याने हात जोडले. तेही ती बोलली नाही, पण कोर्टातून निघताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

हे पत्र पाठवणं बरोबर आहे का? ताईंना विचारलेलं नाही, काय म्हणतील ते माहीत आहे. एका फरार माणसाला मी आगाऊ सांगते आहे की पोलीस येणार. हेही कायद्यात बसत नाही. पण मी हे तू पळावंस म्हणून लिहीत नाही. तू यावंस म्हणून लिहिते. शनिवारी रात्रीची गाडी रविवारी सकाळी इथे पोचते. वकिलांना मी सांगून ठेवलंय, ते रविवारीही घरी भेटतील. सोमवारी कोर्ट उघडायच्या आत तू दारात असलास तर मला पिंजऱ्यात चढून काही सांगावंच लागणार नाही.

तू दुसरीकडे निघून जाऊ शकतोस, हेही मला कळतं. तसं झालं तर मी सोमवारी रिकाम्या खोलीचा पत्ता देईन. आणि पाहुण्यासमोर, आईसमोर, ती खोली रिकामी आहे हे मला माहीत असेल.

चष्मा घालून ये. जिन्यावरून पडशील.

तुझीच

१६ मार्च

दादा,

या वेळी पाकिटावर तुझं नाव आहे, पूर्ण, आणि खाली बराकीचा क्रमांक. मी हे नाव इतक्या दिवसांनी लिहिलं की 'श्री' लावायचं का याचा विचार करत बसले.

तुला पहिली सूचना. हे पत्र तुझ्या हातात येण्याआधी तिथले अधिकारी वाचतील. वाचू दे. मी त्यांच्यापासून लपवण्यासारखं आता काही लिहीत नाही.

सोमवारी मी कोर्टाच्या दारात कोर्ट उघडायच्या आधीपासून उभी होते. वकील येऊन गेले, पुन्हा आले. आई बाकावर बसली होती, माझ्यापासून लांब. आपला पुकारा झाला तेव्हा मी एकदा फाटकाकडे बघितलं आणि आत गेले. शपथ घेतली. विचारलं. सांगितलं. दुकानाचं नाव, रस्ता, वरची खोली. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. त्यांनी पत्राबद्दलही विचारलं, शेवटचं कधी लिहिलं. तेही सांगितलं. त्याचं पुढे काय होईल ते बघू. न्यायाधीशांनी नुसतं लिहून घेतलं.

मंगळवारी तुला आणलं. पाहुण्याचा जामीन बुधवारी मंजूर झाला, जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या शब्दावर, बाहेरचा जामीनदार लागला नाही. खटला आता दोघांवर मिळून चालेल. वकील म्हणतात लवकर चालेल.

तो सुटला तेव्हा आई फाटकावर होती. तुझी भेट मिळेल या आशेने गेली होती, ती मिळाली नाही. तो पिशवी घेऊन बाहेर आला आणि कुठे जायचं ते न कळल्यासारखा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आई त्याच्याजवळ गेली. मी थोड्या अंतरावर होते, मला तिचं ऐकू आलं. तिने विचारलं, गावी जायला गाडी कितीची आहे, आणि तोवर जेवणार कुठे? तो म्हणाला, काकू, बघतो. तिने त्याला आपल्या घरी आणलं. जाहीरनामा अजून दारावर आहे. काढायला कोर्टाची माणसं यावी लागतात. त्याने दारात थांबून तो वाचला. मग आत येऊन भिंतीला टेकून बसला आणि आईने वाढलं ते सगळं जेवला. तुझ्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. माझ्याशी एकच बोलला, मास्तरांनी निरोप दिलाय, त्यांना नवीन मॅडमचं अक्षर लागत नाही.

आई माझ्याशी बोलायला लागली आहे, कामापुरती. तिचा माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, ती तसं म्हणत नाही, पण मला दिसतं. तिने मला काल पहिल्यांदा काही विचारलं. तेच मी तुला लिहायला बसले आहे.

तुला आणायला गेलेल्या हवालदाराने कोर्टाच्या आवारात आम्हाला सांगितलं. म्हणाला, आम्ही जिना चढून गेलो तर दार उघडंच, आणि हा खाटेवर बूट घालून बसलेला, शेजारी बॅग भरून ठेवलेली. काही बोलला नाही, हात पुढे केले. हवालदाराला ते गमतीचं वाटत होतं. म्हणाला, पळायच्या तयारीत होता, आम्ही वेळेवर पोचलो.

रात्रीच्या गाड्या शनिवारीही होत्या, रविवारीही होत्या. कुरियरवाला म्हणतो, पत्र शनिवारीच तुझ्या हातात दिलं. आणि मंगळवारी तू तिथेच होतास, बूट घालून. तीन दिवस बॅग भरून माणूस एका खोलीत का बसतो, हे मी या आठवड्यात किती वेळा स्वतःला विचारलं असेल. मी दुसरं कुठलंही काम करू शकलेले नाही.

आईने काल ते विचारलं. बॅग कशाला भरली होती त्याने? जायला, की यायला?

मी म्हटलं, यायला. गाडीच्या तिकिटासाठी थांबला असेल. ती हो म्हणाली, त्याला रांगेत उभं राहायचा कंटाळाच आहे, लहानपणापासून. आणि जरा वेळाने तिने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं.

मी तिला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही. मला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे, दुसरं काहीच नको.

पण तू ते लिहू नकोस. तिथून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र वाचलं जातं, आणि तू कुठे निघाला होतास हे खटल्यात विचारलं जाईल. माझ्या पत्राला उत्तर देऊ नकोस. जे आहे ते फक्त वकिलाला सांग.

बहीण